एका चुलीला एक खोली

काकीच्या खोलीत येऊन मला तास झाला असेल, आणि या तासाभरात मी एकदाही धड टेकलेली नाही. खिडकीपाशी जाते, गॅलरीत डोकावते, परत येते, फळीवरचा एखादा डबा उघडते, हुंगते, झाकण लावते. खिडकीच्या कट्ट्यावर अर्ज ठेवलाय. उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावर काकीचा पोळपाट. सगळा भरून झालाय, दोन रकाने सोडून. एक दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीचा. त्याचं काही नाही, खालच्या मजल्यावर दहा माणसं आहेत. दुसरा रकाना आहे, ‘अर्जदाराच्या आईचे नाव’.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अडलं? स्वतःच्या आईचं नाव कोणाला ठाऊक नसतं? मलाही आहे ठाऊक. माझ्या आईचं नाव शेवंता. चांगली धडधाकट आहे, समोरच्या दोन नंबरच्या बिल्डिंगीत माझ्या भावाकडे राहते, आणि अजून माझ्या वेणीला नावं ठेवते. पण या बिल्डिंगींच्या कचेरीच्या कागदांत गेली वीस वर्षं माझी आई पार्बता आहे. पार्बता म्हणजे माझी काकी. ही खोली तिची. किसनकाका जाऊन सहा वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात काविळीनं काकीही गेली. कचेरीच्या यादीत तिच्यामागे एकच नाव उरलंय. माझं, आणि नावापुढे ‘मुलगी’.

तर आता रकान्यात ‘पार्बता’ लिहिलं की खोली माझी. ‘शेवंता’ लिहिलं की कचेरीचा माणूस येऊन दाराला सील ठोकणार आणि मी जरीपटक्याच्या भाड्याच्या खोलीत परत. तिथला घरमालक दर अकरा महिन्यांनी हात जोडून सांगतो, ‘बाई, दुसरी बघा.’ विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान गॅसची शेगडी आणि पुस्तकांचं खोकं उचलावं लागत नाही. मला ही खोली हवी आहे. हवी आहे हे सरळ सांगते, उगाच साधूपणाचा आव कशाला? आणि तरीही पेन उचललं की हात आखडतो.

डब्यात तांदूळ आहे. कुहीकडचा, काकीच्या माहेरचा चिन्नोर. झाकण काढलं की आधी वास येतो, मग तांदूळ दिसतो. हा वास आला की मी काही या तिसऱ्या मजल्यावर राहत नाही.

आमची जुनी वस्ती गिरणीच्या मागं, नाल्याच्या काठाला होती. साठचं दशक सरत आलेलं, मी नऊ-दहा वर्षांची. कुडाच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, दोन खोल्या आणि पुढं एक छपरी. घरात आम्ही सात जणं. बा आणि माय, आम्ही तीन भावंडं, किसनकाका आणि काकी. बा आणि काका एकाच गिरणीत, पण वेगवेगळ्या पाळीला. त्यामुळे भोंगा झाला की घरातून एक जण निघे आणि एक जण येई, आणि कोणी ना कोणी जेवत असेच. आमची चूल कधी थंड पडल्याचं मला आठवत नाही. राखेखाली निखारा असायचाच. शेणाचा, धुराचा, ज्वारीच्या भाकरीचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, वह्यांना. शाळेतल्या बाई माझी वही नाकापासून लांब धरीत. मला वाटायचं, त्यांना लांबचं नीट दिसतं.

मी काकीची होते. हे कोणी ठरवलं नव्हतं. काकीला मूल झालं नाही आणि मायच्या दोन्ही हातांत दोन पोरगे, तेव्हा मी घरंगळत काकीकडे गेले आणि तिथंच राहिले. झोपायची तिच्याजवळ, वेणी तिच्या हातची, ताटातला पहिला घास तिचा. माय भाकरी थापता थापता हसायची.

‘‘घेऊन जाय बाप्पा थे पोट्टी कुहीले. माह्या डोक्याचा ताप तं कमी होईल.’’

‘‘खरंच नेईन वं बाई,’’ काकी म्हणायची. ‘‘मंग रडत येजो नोको मांगं.’’

दोघी हसत. मायला काकी ‘बाई’ म्हणायची, थोरली जाऊ म्हणून. दोघींत भांडण नव्हतं असं नाही. मिठावरून, पाण्यावरून, लेकरांच्या उष्ट्यावरून रोज होई. पण एका चुलीवर दोन बायका भांडत भांडत स्वयंपाक करतात तेव्हा ते भांडण शिजून जातं, उरत नाही.

मग एका उन्हाळ्यात साखळ्या आणि लाल-पांढरे दांडे घेऊन माणसं आली. वस्तीतली सगळी पोरं त्यांच्या मागं. त्यांच्यातल्या बाबूनं आमच्या छपरीतल्या खाटेवर नकाशा पसरला, कारण सावली तेवढीच होती. एवढा मोठा कागद मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्यावर रंग दिलेले, पिवळा, जांभळा, हिरवा. काकीनं बाबूला गुळाचं पाणी दिलं आणि विचारलं, आमचं घर दाखवा म्हणून. बाबूनं पेन्सिल हिरव्या रंगावर ठेवली.

‘‘हे इथं. हिरवं म्हणजे बगीचा.’’

‘‘अथी तं चिखल हाये, भाऊ,’’ काकी म्हणाली. ‘‘बगीचा कुठी हाये?’’

‘‘अजून नाही. व्हायचा आहे.’’

‘‘अन् आमी?’’

बाबूनं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला. ‘‘तुम्ही नकाशात नाही ना, बाई.’’

काकीला याचं इतकं हसू आलं की ती दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटली. आमी नाई हाये म्हणे! मंग गुळाचं पाणी कोणं देल्लं त्याले? वस्तीही हसली. हसण्यासारखं नव्हतं ते, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, मागच्याच आठवड्यात मी मुद्दाम तिकडे गेले होते. कसला बगीचा आणि कसलं काय! एक झाड नाही. लांबच लांब गोदामं आहेत, ट्रक उभे राहतात, डिझेलचा चिखल आहे. हिरव्याचं जांभळं, बगीच्याचं गोदाम कधी झालं, कोणाला विचारून झालं? आम्हाला हिरव्यासाठी उठवलं ना? मी तिथं उभी राहून तावातावानं बोलत होते, आणि एक ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘किसको ढूंढ रहे हो, मॅडम?’’ त्याला काय सांगणार, कपाळ!

तर, वस्ती उठणार होती आणि उठणाऱ्यांना गाळे मिळणार होते. पक्क्या विटांचे, नळाचे, तीन मजली बिल्डिंगीतले. नियम सोपा होता. एका चुलीला एक खोली. मोजणीवाले येणार, घरोघरी चुली मोजणार आणि जितक्या चुली तितकी कुटुंबं धरणार. वर आणखी एक अट, एका कुटुंबात कमीत कमी तीन माणसं हवीत. आम्ही सात जणं, पण चूल एक. म्हणजे सात जणांना एक खोली.

त्या आठवड्यात अख्खी वस्ती चुली घालायला बसली. नाल्यातली काळी माती संपत आली. जिथं म्हणून दोन भाऊ एकत्र राहत होते तिथं दुसरी चूल उभी राहिली. आमच्या छपरीच्या डाव्या कोपऱ्यात काकीनं माती मळली. भाताचं तनस बारीक तोडून घातलं, घोड्याची लीद घातली, पायानं तुडवली, आणि मी तिच्याबरोबर तुडवली. ती थंडगार माती बोटांमधून वर यायची ते मला आत्ताही जाणवतं. काकीनं चुलीला हातानं आकार दिला, थापून गुळगुळीत केली, सावलीत वाळवली. उन्हात वाळवली तर तडकते.

मायचं म्हणणं, एवढा जीव कशाला ओतायचा? मोजणी झाली की मोडायचीच आहे. इतर बायका तेच करत होत्या. ओबडधोबड मातीचे तीन ढिगारे, वर कंदिलाची काजळी फासली की जुनी दिसते, झालं काम.

‘‘दे थे काजळी अथी,’’ माय म्हणाली. ‘‘मी फासून देते.’’

‘‘नाई, बाई,’’ काकी म्हणाली. ‘‘काजळी काहून? पेटवू न. आपोआप काळी होते.’’

‘‘अवं, खोटी चूल हाये थे!’’

‘‘चूल खोटी नसते. पेटवली का खरीच.’’

आणि तिनं ती खरीच पेटवली. लहान गंजात, पातेल्यात, दूध ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. मायच्या कपाळाला आठ्या. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नव्हते, उपास नव्हते, आणि माय त्याबाबत फार कडक.

‘‘सोडलं न आपण थे सारं? मंग हे कायले?’’

‘‘देवाले नाई केलं वं,’’ काकी म्हणाली. ‘‘घराले केलं.’’

जळक्या दुधाचा वास छपरीभर झाला. आमच्या घरातली चूक, चूकच म्हणायची असेल तर, इथं झाली असं मला वाटतं. बाकीच्या वस्तीनं मोजणीवाल्यांना फसवायला चुली घातल्या. काकीला फसवता येत नव्हतं, म्हणून तिनं खरंच घर मांडलं.

आता प्रश्न राहिला तिसऱ्या माणसाचा. किसनकाका एक, काकी दोन. तिसरं कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी काकीच्या मांडीवर. पण बोलली ती माय. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं तिलाच मी दोष देत राहिले. माय म्हणाली, ‘‘हे लिहा तिच्याकडे. तशी बी तिचीच हाये थे.’’ आणि हसली, नेहमीसारखी.

मग मला शिकवणी. बा रोज गिरणीतून आला की घ्यायचा. बाबूनं विचारलं, तुझी माय कोण? तर काकीकडे बोट दाखवायचं. तिकडे बसली ती कोण? तर म्हणायचं, मोठी माय. काकांच्या मोठ्या भावाची बायको ती मोठी माय, बरोबर आहे ना? बरोबर. मी दहादा पाठ म्हणून दाखवलं. शाळेत पाढे चुकत, पण हे कधी चुकलं नाही.

मोजणी लवकर आलीच नाही. आज येतील, उद्या येतील करत आठ-दहा दिवस गेले, आणि ते सगळे दिवस मी काकीच्या चुलीवर जेवले. जेवावंच लागत होतं. कोण कधी येईल सांगता येत नव्हतं ना! तीन थाळ्या, तीन वाट्या. अंबाडीची भाजी, लाखोळीची डाळ, आणि एक दिवस तर माहेरून आलेला तो चिन्नोर. काका, काकी आणि मधे मी. काकी पहिल्यांदा माझ्या ताटात वाढायची आणि मग काकांच्या. हे उलटं होतं, आमच्याकडे आधी गडी माणसं. काकाही काही बोलत नसत. छपरीच्या उजव्या कोपऱ्यात, आठ पावलांवर, मायच्या चुलीवर वांगं भाजत असे, भरताचा वास येई, भाऊ ओरडत असत. मी तिकडे वळूनसुद्धा बघत नव्हते. मी इतकी सुखात होते. आज ते आठवलं की माझं मलाच लागतं.

माय तेव्हा गप्प व्हायला लागली होती. मिठावरून भांडण होत नव्हतं, कारण मीठ दोन झालं होतं. एकदा तिनं मला हाक मारली, ‘‘ये वं, भरीत हाये, तुले आवडते न?’’ मी म्हटलं, नको, कोणी आलं तर? मी फार शहाणपणानं म्हटलं. बासुद्धा कौतुकानं हसला.

आणि मग ते आले. दुपारची वेळ. बा कामावर, काका झोपून उठलेले. त्या दिवशी नकाशावाला बाबू नव्हता, दुसरा होता, चष्म्याचा, पावलोपावली घाम पुसणारा. त्याला वस्तीतल्या चुलींची गंमत कळून चुकली होती. समोरच्या घरात त्यानं नुसतं बोट लावलं तर काजळीखाली ओली माती निघाली, आणि त्यांची एक चूल त्यानं तिथंच खोडली. त्यांच्या सूनबाईचं रडणं ऐकू येत होतं. मग तो आमच्याकडे आला. काकीच्या चुलीत लाकूड जळत होतं, वर डाळ शिजत होती. तो खाली वाकला, भिंतीवरचा धूर पाहिला, राख पाहिली. मान हलवली. दोन चुली लिहिल्या. मग माणसं मोजायला लागला आणि माझ्यापाशी थांबला.

‘‘ही कोणाची?’’

‘‘आमची,’’ काका म्हणाले.

‘‘तुम्ही थांबा. तिला बोलू द्या.’’ तो माझ्यापुढं उकिडवा बसला. ‘‘बाळ, तुझी आई कोण?’’

मी काकीकडे धावले, तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हटलं, ‘‘हे माही माय होय.’’ काकीचा हात माझ्या डोक्यावर आला.

‘‘बरं. आणि त्या?’’ बाबूनं उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. माय तिथं परातीत पीठ मळत बसली होती.

मला शिकवलेलं सगळं येत होतं. मोठी माय. दोन शब्द. पण बाबूच्या चष्म्यातले डोळे बारीक झाले होते, आणि समोरची सूनबाई रडत होती, आणि मला वाटलं की माझं काही चुकलं तर ही चूल खोडतील, काकीची खोली जाईल, मग ती कुहीला निघून जाईल. मला तिला सोडायचंच नव्हतं. म्हणून मी मोठ्यानं, अगदी ठासून म्हटलं, ‘‘थे? थे माही कोणी नाई.’’

मायचे पिठातले हात थांबले. मग परत चालू झाले. बाबूनं लिहून घेतलं, घाम पुसला आणि गेला.

तो नाल्याच्या पलीकडे जाईस्तोवर माय पीठ मळत राहिली. मग माय उठली. हात पिठानं भरलेले होते तसेच. आली आणि तिनं मला मारलं, एकच, पण असं की मी भिंतीला लागले. गालावर पीठ चिकटलं. काकी मधे पडली, ‘‘बाई, बाई, लेकरू हाये, आपणच तं शिकवलं!’’ आणि मायनं माझा दंड धरून मला उजव्या कोपऱ्यात नेलं. त्या संध्याकाळी मी मायच्या चुलीवर जेवले. त्यानंतर कायमच.

गाळे मिळाले. दोन चुलींना दोन खोल्या. चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तेव्हा आमची दोन नंबरच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर आली आणि काकीची ही, नऊ नंबरची, तिसरा मजला. मधे एक मैदान. आणि हे ऐकून ठेवा, गाळ्यात चूल घालायला बंदी! धुरानं भिंती काळ्या होतात म्हणे. ज्या चुलीसाठी एवढं रामायण झालं ती जुन्या छपरीतच राहिली. काकीनं ती मोडलीही नाही. निघताना चुलीवरून शेणाचा हात फिरवला आणि आली. इथं मग रॉकेलचा स्टोव्ह. त्याचा भरभर आवाज आणि त्याचा वास, जो जेवणाला लागतो आणि जात नाही. वीस वर्षं ती या वासात जेवली.

मला तिच्याकडे जायची मनाई झाली. का, ते कोणी सांगितलं नाही. बा म्हणायचा, ‘‘मायले विचार.’’ मायला विचारायची कोणाची छाती होती? मी आमच्या ओट्यावरून नऊ नंबरच्या गॅलरीकडे बघायची. काकी कपडे वाळत घालायला यायची, आणि दोनच साड्या असल्या तरी फार वेळ लावायची.

पण खरं सांगू? मनाई दोन-तीन वर्षांतच ढिली पडली होती. माय रागावायची थांबली होती. ‘‘जाऊन ये जायचं असंन तं’’ असंही एकदा म्हणाली. तोवर मला मैत्रिणी झाल्या होत्या, पुढं मॅट्रिक, नंतर कॉलेज, नंतर नोकरी. मला जिना चढायचा कंटाळा यायचा. सणावारी जायचे, दारातूनच निघायचे. काकी म्हणायची, ‘‘बस न वं, भात टाकते,’’ आणि मी म्हणायची, ‘‘घाई आहे, काकी.’’ मायवर मी एवढा राग धरला, पण माझ्या पायांना काही मायनं दोरी बांधली नव्हती. कुठल्या घाईत होते मी? काय जळलं होतं माझं?

आणि काकी काय करत होती, तर दरवर्षी कचेरीचा माणूस राहणाऱ्यांची यादी करायला आला की तिसरं नाव माझं लिहून देत होती. मुलगी. बाहेर कामाला आहे. संध्याकाळी येते. खालच्या मास्तरांनी मला परवा सांगितलं, की काका गेल्यावर त्यांनी तिला विचारलं होतं, आता तिसऱ्या माणसाची गरज काय, नियम कधीच बदलला. तर ती म्हणाली, ‘‘राहू द्या न, गुरुजी. लिहिलेलं कायले खोडायचं?’’

संध्याकाळी येते. मी ते ऐकलं आणि मास्तरांच्या दारातच खाली बसले.

जिन्यात धाप ऐकू येतेय. एक पायरी, थांबणं, एक पायरी. माय. तीन मजले चढून. या वीस वर्षांत ती या खोलीत किती वेळा आली असेल, बोटांवर मोजता येईल. मागच्या महिन्यात आली तेव्हा काकीला न्हाऊ घालायला आली होती.

आत येऊन ती भिंतीला टेकून बसली. पदरानं तोंड पुसलं.

‘‘झाला का अर्ज भरून?’’

‘‘एक रकाना राहिला.’’

‘‘कायचा?’’

‘‘आईचं नाव.’’

तिनं पोळपाटाखालच्या अर्जाकडे पाहिलं. आणि माझा तोल सुटला. तासाभराची येरझार सगळी तोंडावाटे बाहेर आली. ‘‘तुहंच नाव लिहून देते मी. जाऊ दे खोली. साऱ्या जन्मात तू मले एकदाच मारलं, अन् थेही एका खोट्यापायी. आता त्याच खोट्यावर सही करू? अन् तूच विचारून राहिली का अर्ज भरला का?’’

‘‘खोट्यासाठी नाई मारलं,’’ माय म्हणाली. ‘‘खोटं तं आमीच शिकवलं होतं तुले.’’

‘‘मंग?’’

‘‘तुहं तोंड पाहून राहिली होती मी. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मले समजते. तू खोटं बोलून नव्हती राहिली.’’

नाही म्हणायला हवं होतं मी. असं नाही गं माय, मी लहान होते, घाबरले होते, असं काहीतरी. तिनं मान वर करून बघितलंही नाही.

‘‘पार्बता तीनदा आली होती माह्या दारात,’’ ती म्हणाली. ‘‘अथी आल्यावर. तू शाळेत असे तवा. म्हणे, पोट्टीले धाड न बाई, एक दिवस तरी धाड. मी म्हटलं, तुले खोली भेटली न? आता पोट्टी बी पाहिजे का?’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय? चालली गेली मैदानातून. मी पाहत राहिली.’’ मायनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. ‘‘तुले हे कोणं सांगितलं नाई. मीच सांगते. आता लिव्ह.’’

‘‘काय लिहू?’’

‘‘तिचं नाव लिव्ह. दुसरं काय लिवशीन?’’

मी पोळपाट बाजूला केला. कट्ट्यावर अर्ज दाबून धरला आणि लिहिलं. पाच सेकंदांचं काम. लिहून झालं तरी मी वाकलेलीच होते.

‘‘मास्तरांची सही आहे,’’ मी म्हटलं. ‘‘अजून एक साक्षीदार लागतो. खालून बोलावते कोणाला तरी.’’

‘‘कोणाले कायले?’’ मायनं पदराची गाठ सोडली. आत शाईची डबी होती, भावाच्या दुकानातली. म्हणजे घरून निघतानाच ती ठरवून निघाली होती. ती भिंतीला धरून उठली, कट्ट्यापाशी आली, कागदावर वाकली. मायला वाचता येत नाही.

‘‘कोणतं हाये तिचं नाव? दाखव.’’

मी बोट ठेवलं. तिनं त्या तीन अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. मग अंगठा शाईत बुडवला आणि साक्षीदाराच्या जागी नीट दाबून धरला.